कव्हाकिन्यू कोल्हापुरात: निवड, बांधणी आणि जुळवणी

पोर्तुगीजमध्ये 'कव्हाकू' म्हणजे लाकडाची ढलपी आणि 'कव्हाकिन्यू' म्हणजे छोटीशी ढलपी. चार तारांचं, अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचं हे वाद्य पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातल्या मिन्यू भागातलं. ब्रागा आणि गिमाराइंश या गावांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तिथून ते मदेरा बेटावर, ब्राझीलला, केप व्हर्देला आणि हवाईला पोचलं. प्रत्येक ठिकाणच्या कारागिरानं ते आपल्या लाकडात नव्यानं बांधलं, एखादी गोष्ट बदलली, एखादी तशीच ठेवली. त्यामुळं कोल्हापुरात हे वाद्य करायचं तर सगळं लाकूड परदेशातून मागवायची गरज नाही. काय बदललेलं चालतं आणि काय बदललं की वाद्यच हातातून निसटतं, एवढं मात्र आधी नीट कळायला हवं.

न बदलणाऱ्या गोष्टी तीन. तार वाजते ती लांबी ३४ सेंटीमीटरच्या आसपास, तारा चार, आणि उजव्या हाताचं काम तालाचं. शाहिराच्या मागं तुणतुणं जसं सूर आणि लय दोन्ही धरून ठेवतं, तसंच काम हे वाद्य मिन्यूच्या जत्रांमध्ये करतं, फक्त इथं एका सुराऐवजी चार तारांचा स्वरमेळ असतो. बाकी लाकूड, तारेची जात, पट्टीची उंची आणि पडद्यांची संख्या या सगळ्या गोष्टी प्रवासात बदलत गेल्या.

आधी जात ठरवा

मिन्यूच्या कव्हाकिन्यूत बोटं फिरतात ती पट्टी आणि तबली, म्हणजे पेटीचं पुढचं झाकण, एकाच सपाटीत असतात. पडदे १२, आणि बारावा पडदा वाद्याची पोकळ पेटी सुरू होते तिथंच येतो. तारा पोलादी. नखी वापरत नाहीत. नखांच्या पाठीनं सगळ्या तारांवर एकदम झोत मारतात. त्याला 'रझ्गादू' म्हणतात.

मदेरा बेटावर याच कुळातल्या वाद्याला 'माशेत' किंवा 'ब्रागिन्या' म्हणतात. दुसऱ्या नावात ब्रागा गाव तसंच बसलेलं आहे. तिथं पट्टी तबलीच्या वर उचललेली असते आणि तारा पूर्वी तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, असत.

ब्राझीलमध्ये पट्टी उचललेली आणि आवाजाच्या भोकापर्यंत पुढं आलेली असते, पडदे साधारण १७, आणि वादन नखीनं. १८७० च्या दशकात रिओ दि जानेरोमध्ये 'शोरो' हा संगीतप्रकार आकाराला आला. बासरी, गिटार आणि कव्हाकिन्यू हा त्याचा मूळ संच. पुढं सांबामध्येही हे वाद्य कायमचं बसलं. बराच काळ त्याच्याकडं फक्त ठेका धरायचं काम होतं. वाल्दिर अझेवेदू (१९२३–१९८०) यांच्या वादनानं ते एकलवादनाचं वाद्य म्हणून मान्य झालं. केप व्हर्देमध्ये 'मोर्ना' आणि 'कोलादेरा' या गायनप्रकारांना याची साथ असते. मोर्नाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

हवाईचा टप्पा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण आज आपल्याकडच्या दुकानात मिळणारं युकुलेले तिथून आलेलं आहे. २३ ऑगस्ट १८७९ ला 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेराहून ४१९ माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. ही माणसं उसाच्या मळ्यांवर कामाला आलेली होती. ऊस म्हणजे काय कष्ट असतात, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. याच जहाजावर मानुएल नूनिश, ऑगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. थोड्याच वर्षांत त्यांनी होनोलुलूत वाद्यं बांधून विकायला सुरुवात केली, आणि त्यासाठी हवाईचंच 'कोआ' लाकूड वापरलं. आकार माशेतचा राहिला. जुळवणी मात्र मदेराच्याच 'राजांव' या पाच तारांच्या वाद्यावरून आली. राजा कालाकाउआनं या वाद्याला दरबारात स्थान दिलं, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकाभर युकुलेलेची लाट आली. थोडक्यात, लाकूड बदललं, तारा आणि जुळवणी बदलली, मग नावही बदललं.

पूर्वेकडं इंडोनेशियात जकार्ताच्या उत्तर भागात तुगू नावाची वस्ती आहे. भारताच्या किनाऱ्यांवरून आणि मलाक्याहून आलेल्या पोर्तुगीजभाषकांची ती वसाहत. तिथल्या 'क्रोंचोंग' संगीतातलं छोटं तंतुवाद्यही याच घराण्यातलं.

पहिलं वाद्य बांधायचं तर मिन्यूचीच जात घ्या. बाराच पडदे, एकच सपाटी, त्यामुळं चूक झाली तर पट्टी ठेवताक्षणी दिसते. उचललेली पट्टी दुसऱ्या वाद्यात करा.

वाद्य हातात नसताना सुरुवात

बांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हात बसवायचा असेल तर साधं सोप्रानो युकुलेले घ्या आणि पहिली तार, म्हणजे बारीक तार, एक पूर्ण स्वर खाली उतरवा. हार्मोनियमवरच्या पांढरी सहाची पांढरी पाच झाली की चार तारा पाच-एक-तीन-पाच अशा लागतात. कव्हाकिन्यूच्या बोटांच्या जागा यावर जशाच्या तशा चालतात.

एक गोष्ट मात्र करू नका. युकुलेलेवर पोलादी तारा चढवू नका. त्याची तबली नायलॉनच्या हलक्या ताणासाठी पातळ ठेवलेली असते. पोलादी तारांचा ताण बसला की आधी घोडीमागं (तारा टेकतात तो तबलीवरचा तुकडा म्हणजे घोडी) तबली फुगते, मग घोडीची मागची कड उचलते आणि शेवटी घोडी तबलीच्या रेषा ओरबाडत निघून येते. ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

लाकूड

कोल्हापूरहून ५० किलोमीटरवर मिरज आहे, ही या कामातली आपली सगळ्यात मोठी सोय. तिथं सतार आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या तुणीच्या लाकडात होतात. कव्हाकिन्यूच्या पाठीला आणि कुशींना, म्हणजे पेटीच्या वळवलेल्या बाजूंना, तूण उत्तम: हलकी, वाकायला नरम आणि सरस किंवा फेव्हिकॉल चांगला धरणारी. सागवान दांडीला छान, पण त्यात तेल असतं. चिकटवायच्या आधी तो भाग थिनरनं पुसून दहा मिनिटांत जोडा, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. शिसवीलाही हाच नियम लागू. पट्टी आणि घोडी शिसवीचीच करा.

तबलीला मात्र तूण नको. मिन्यूत तबलीला स्प्रूससारखं सरळ रेषांचं, हलकं आणि ताठ लाकूड चांगलं मानतात. आपल्याकडं दोन वाटा आहेत. गिटारच्या तबलीची स्प्रूसची फळी ऑनलाइन मिळते आणि एका जोडीत कव्हाकिन्यूच्या दोन तबल्या निघतात. किंवा जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांचा देवदार वखारीत शोधा. तुकड्याचं टोक बघा: वर्षांच्या रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या हव्यात. आडव्या पडलेल्या रेषांची फळी पावसाळ्यात पन्हाळीसारखी वाकते. गाठ एकही नको. खोक्यांचं पाइन स्वस्त मिळतं, पण त्यात राळ आणि गाठी दोन्ही असतात.

लाकूड वाळलंय का, हे हातानं कळत नाही. ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या, तुकड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा आणि दर रविवारी पुन्हा तोला. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार.

लागणारे तुकडे (सगळी मापं मिलिमीटरमध्ये):

तबलीला दोन फळ्या, प्रत्येकी २६० × ८५ × ४. पाठीला तेवढ्याच मापाच्या तुणीच्या दोन. कुशींना दोन पट्ट्या, ४०० × ६० × २. दांडीला सागवान, ३५० × ५० × २५, आणि दांडी पेटीला जोडते त्या टाचेसाठी त्याचेच उरलेले तुकडे. पट्टीला शिसव, १८० × ४५ × ५. घोडीला शिसव, ९० × १८ × ८. पडद्यांची तार ६०० लांब. मेरूला, म्हणजे दांडीच्या डोक्याशी तारा टेकतात तिथं, आणि घोडीवर हाडाची ३ रुंदीची पट्टी. युकुलेलेच्या दात्यांच्या चार चाव्या. ('चावी' हा शब्दही आपल्याकडं पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे.)

कधी बांधायचं

कोल्हापूरच्या हवेत हा प्रश्न लाकडाइतकाच मोठा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात, मार्च-एप्रिलमध्ये लाकूड कडकडीत वाळतं. लाकूड ओलाव्यानं रुंदीत फुगतं आणि वाळल्यावर आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. तबलीच्या रेषा उभ्या आणि आतल्या आडपट्ट्या आडव्या, म्हणून दोघांचं जमत नाही. आडपट्ट्या पावसाळ्यात चिकटवल्या तर मार्चमध्ये तबली आकसायला बघते, आडपट्टी तिला सोडत नाही आणि मधोमध चीर जाते. एप्रिलमध्ये चिकटवल्या तर जुलैत तबली फुगून तारा वर उचलतात. चिकटवायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. खोलीत हवेचा ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ ठेवा आणि ते ४५ ते ५५ टक्के दाखवत असेल तेव्हाच आडपट्ट्या लावा.

पेटी

साचा १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या तीन थरांचा करा. पेटीची लांबी २४०, वरची रुंदी ११५, कंबर ८८, खालची रुंदी १५५. खोली शेपटाकडं ५०, दांडीकडं ४५.

तबलीच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडा, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतील. सांध्याच्या कडा लांब रंध्यानं एकत्र मारा आणि उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा रंधा. दाब देऊन ती फट मिटवता येते, पण असा सांधा पहिल्याच उन्हाळ्यात उघडतो. चिकटवल्यावर एक दिवस तसंच राहू द्या. मग मधे २.४ आणि कडेला २.० मिलिमीटर होईपर्यंत तबली उतरवा. आवाजाचं भोक ४५ व्यासाचं, दांडीच्या सांध्यापासून ९५ वर त्याचा मध्य.

आतल्या आडपट्ट्या दोन, भोकाच्या वर एक आणि खाली एक. रुंदी ६, उंची १०, टोकांना उतरवून २. त्यांचा तबलीला लागणारा तळ सरळ ठेवू नका. मधे १ मिलिमीटर उंच असा किंचित बाक द्या, म्हणजे तबलीला हलका फुगार येतो आणि कोरड्या हवेत ती खचत नाही. घोडीच्या बरोबर खाली आतून २५ रुंद, १.८ जाड सागवानाची पट्टी लावा.

कुशी वाकवायला ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप पुरतो. उद्यमनगरात भंगारातला तुकडाही मिळून जाईल. पाइप शिकंज्यात आडवा धरा आणि आतून गॅसचा टॉर्च लावा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो नाचत उडाला की ताप बरोबर. थेंब चिकटून नुसताच उकळला तर ताप कमी, लाकूड लगेच करपलं तर जास्त. कुशीची पट्टी १.८ पर्यंत उतरवा, अर्धा तास पाण्यात ठेवा, आणि कंबरेपासून सुरुवात करा. लाकूड पाइपवर दाबून ढकलायचं नसतं. ते तापलं की हाताखाली अचानक मऊ होतं, तो क्षण तळव्याला कळतो, तेवढीच वाट बघायची. बहुतेक चिरा घाईत जोर लावल्यानं जातात. पट्टीच्या बाहेरच्या बाजूनं पत्र्याची पातळ पट्टी धरली की तंतू उचलत नाहीत.

कुशींच्या आतल्या कडेला ५ × १० च्या पट्ट्या लावा. त्यांना दर ६ मिलिमीटरवर करवतीची खाच पाडली की त्या सहज वळतात. कपडे वाळत घालायचे चिमटे रबर बांधून वापरले की शिकंज्यांचा खर्च वाचतो.

दांडी आणि पडदे

दांडीची रुंदी मेरूपाशी २८, पेटीपाशी ३८. पट्टी धरून जाडी १७. तारांचा एकूण ताण २६ किलोच्या आसपास आणि मोकळी दांडी १७० मिलिमीटरची, त्यामुळं आत लोखंडी सळई लागत नाही.

पट्टी आणि तबली एका सपाटीत, असं वर म्हटलं, पण ती सपाटी अगदी काटेकोर ठेवली तर घोडीपाशी तारा तबलीपासून जेमतेम साडेचार मिलिमीटरवर येतात आणि नखं तबलीवर आपटतात. म्हणून दांडी पेटीला जोडताना मेरूचं टोक तबलीच्या पातळीपेक्षा दीड मिलिमीटर खाली ठेवा. सांधा बरोबर मधे असल्यामुळं घोडीपाशी तेवढीच उंची वाढते आणि तारा सहा मिलिमीटरवर जातात. तरीही तबली घासतेच. मिन्यूचे कारागीर भोकाभोवती कठीण लाकडाचा पातळ थर बसवतात, तो शोभेसाठी कमी आणि यासाठी जास्त. शिसवीचा एक मिलिमीटरचा पापुद्रा लावा.

३४० मिलिमीटर लांबीसाठी पडद्यांच्या जागा, सगळ्या मेरूच्या कडेपासून: १९.१, ३७.१, ५४.१, ७०.१, ८५.३, ९९.६, ११३.१, १२५.८, १३७.८, १४९.२, १५९.९ आणि १७०.०.

ही मापं प्रत्येक वेळी मेरूपासूनच घ्या. एका पडद्यापासून दुसरा मोजत गेलात तर दर वेळची छोटी चूक साठत जाते आणि बाराव्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर होते. तेवढ्यानं वरचे सगळे स्वर बेसूर होतात. खाचा मात्र पट्टी दांडीला चिकटवण्याआधी, सपाट टेबलावर, गुण्या लावून पाडा.

सतारीचे पडदे बांधलेले असतात आणि सरकवता येतात. हे पडदे ठोकलेले असतात, त्यामुळं चूक सुधारायची संधी नाही. पडद्याच्या तारेची जीभ अर्धा ते ०.६ मिलिमीटर जाड असते. साध्या हॅकसॉच्या पात्यानं खाच जवळजवळ एक मिलिमीटरची पडते आणि पडदा सैल राहून खणखणतो. पात्याचे दात दोन्ही बाजूंनी तेलदगडावर घासून त्यांचा फाकलेपणा काढला की तेच पातं बरंच अरुंद खाच पाडतं. आधी टाकाऊ शिसवीत खाच पाडून पडद्याचा तुकडा बसवून बघा: बोटानं जात नसेल पण हातोडीच्या दोन टोल्यांनी बसत असेल तर बरोबर.

घोडी: जवारी नको

घोडी मिरजेच्या अनुभवी कारागिराकडून करून घेत असाल तर पहिलं वाक्य हे सांगा: जवारी नको, धार हवी. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्यावर घासत सुटते आणि त्यातून तो भरलेला झंकार येतो. सवयीचा हात इथंही तसंच घासतो. कव्हाकिन्यूत तार हाडाच्या पुढच्या कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे. जराही सपाट जागा राहिली तर स्वर फुटतो आणि झोत मारल्यावर पत्र्यासारखा आवाज येतो. हाडाचा माथा मागं उतरता घासा.

पोलादी तार दाबली की ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. ते भरून काढायला घोडी ३४० च्या थोडी मागं हवी. हाडाची पुढची कड ३४०.५ वर आणि मागची ३४३.५ वर येईल अशी घोडी लावा. पेटीच्या शेपटापासून ती साधारण ७० वर येते. नंतर प्रत्येक तारेचा टेकू कानशीनं पुढंमागं करता येतो. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथंच हलका स्पर्श करून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर टेकू मागं न्या. बारीक तारांना एक-दीड मिलिमीटर पुरतं, तिसरी जाड साधी तार सगळ्यात जास्त मागं मागते.

घोडीखाली पॉलिश अजिबात नको. पॉलिशवर चिकटवलेली घोडी म्हणजे सालावर चिकटवलेली घोडी. आधी तेवढी जागा कागदी टेपनं झाका आणि मगच पॉलिश करा. पॉलिशला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्यानं सहा-सात हात द्या. ढगाळ दमट दिवशी ते पांढरं पडतं, म्हणून उन्हाचा दिवस निवडा.

तारा आणि जुळवणी

कव्हाकिन्यूच्या तारांचा खास संच ऑनलाइन मिळतो, पण राजारामपुरी किंवा महाद्वार रोडच्या दुकानात तो मिळेलच असं नाही. त्याची गरजही नाही. इलेक्ट्रिक गिटारचा 'नऊ-बेचाळीस'चा संच घ्या. त्यातल्या बारीक चार तारा, म्हणजे ०.००९, ०.०११, ०.०१६ आणि गुंडाळलेली ०.०२४ इंच जाडीची, ३४० मिलिमीटर लांबीवर बरोबर बसतात. ताण अनुक्रमे सुमारे ५.२, ५.५, ७.३ आणि ७.९ किलो. उरलेल्या दोन जाड तारा बाजूला ठेवा.

जुळवणी चौथ्या तारेपासून पहिल्यापर्यंत: २९३.७, ३९२, ४९३.९ आणि ५८७.३ हर्ट्झ. हार्मोनियमवर बघायचं तर मध्य सप्तकातली पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि तार सप्तकातली पांढरी दोन. पांढरी पाचला सा धरलात तर प, सा, ग, प. म्हणजे तंबोऱ्यातले प आणि सा तर ओळखीचेच, त्यात एक शुद्ध गंधार आला. ब्राझीलमध्ये आणि मदेराच्या ब्रागिन्यात हीच जुळवणी. मिन्यूत आणखीही जुळवण्या आहेत. त्यातल्या एकीत चौथी तार तिसरीच्याच स्वरात लावतात, म्हणजे सा, सा, ग, प. केप व्हर्देत पहिली तार प ऐवजी धैवतावर नेतात, आणि मग जुळवणी गिटारच्या वरच्या चार तारांसारखी होते. ०.००९ ची तार धैवतापर्यंत चढते, पण तुटण्याच्या बरीच जवळ जाते. तसं लावायचं असेल तर एक जादा तार हाताशी ठेवा.

नव्या तारा एकदम पूर्ण चढवू नका. पहिल्या दिवशी सगळ्या दोन स्वर खाली, दुसऱ्या दिवशी पूर्ण. बाराव्या पडद्यावर तारेचा तळ आणि पडद्याचा माथा यात २ मिलिमीटर अंतर ठेवा. पहिल्या पडद्यावर ०.३ ते ०.४, साध्या कागदाचे तीन-चार थर जातील एवढं. मेरूची खाच उथळ राहिली तर पहिल्या पडद्यावरचे स्वर चढे लागतात. नवशिक्याला वाटतं आपला कान चुकतोय, चुकलेली असते ती खाच.

उजवा हात

डाव्या हाताला तीन स्वरमेळ पुरतात. आकडे चौथ्या तारेपासून, शून्य म्हणजे मोकळी तार. पांढरी पाचचा मेळ ० ० ० ०, पांढरी एकचा २ ० १ २, पांढरी दोनचा सातव्या स्वरासह ० २ १ ४. शेवटच्या मेळाला करंगळी चौथ्या पडद्यावर ताणावी लागते. ती पोचत नसेल तर मनगट पट्टीच्या खाली उतरवा, अंगठा वरून वळवू नका.

खरं काम उजव्या हाताचं. मिन्यूचा 'व्हीरा' हा नाच तीनाच्या पटीतला, त्यामुळं दादरा अंगात असलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. सहा मात्रा धरा. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला चारही बोटांच्या नखांची पाठ वरून खाली, दुसऱ्या आणि पाचव्याला फक्त तर्जनी खाली, तिसऱ्या आणि सहाव्याला तर्जनी वर. 'धा धिं ना, धा तिं ना' तोंडानं म्हणत मिनिटाला ६० मात्रांनी सुरू करा आणि डाव्या हाताची चारही बोटं तारांवर नुसती टेकवून आवाज बंद ठेवा. स्वर नसताना ठेका उघडा पडतो आणि कोणती मात्रा लंगडते ते लगेच कळतं. दोन आवर्तनांनंतर बोटं उचला.

हात कोपरापासून हलत असेल तर दहा मिनिटांत दंड भरून येतो आणि लय मागं पडते. कोपराच्या आतल्या बाजूनं पेटी बरगडीशी धरा आणि मनगट पाणी झटकल्यासारखं सोडा. दांडीच्या सांध्याजवळ वाजवलं की आवाज मऊ, भोकाच्या खाली कडक आणि पुढं जाणारा. तबला-ढोलकीबरोबर बसायचं असेल तर खालची जागा घ्या, नाहीतर वाद्य ऐकूच येत नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर वाद्य भिंतीला टांगू नका, विशेषतः पावसाची झोड येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला. वाद्याच्या केसमध्ये बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या घाला आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरा. तारा ढिल्या करून ठेवायची गरज नाही. पण बाराव्या पडद्यावरचं अंतर दर पंधरा दिवसांनी बघा. २ चं २.८ झालं तर तबली फुगली आहे. तेव्हा हाड घासायला जाऊ नका, दसऱ्यापर्यंत ती आपोआप बसते आणि घासलेलं हाड मग तारा पडद्यांवर आपटवतं. पावसाळ्यासाठी अर्धा मिलिमीटर कमी उंचीचं दुसरं हाड करून केसमध्ये ठेवा आणि आषाढात ते बदला.

वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडानं खालून-वरून पुसा. घामाचे क्षार आणि दमट हवा मिळून ०.००९ ची साधी तार पावसाळ्यात पंधरवड्यात गंजते, बोटाला खरखरीत लागते आणि चावीच्या वळणापाशी तुटते. तशी खरखर लागली की चारही तारा एकदम बदला. एकच नवी घातली तर ती बाकी तिघींपेक्षा चकचकीत वाजते आणि स्वरमेळ तुटक ऐकू येतो.